नामाआधीची तीन अक्षरं

चि. सईस,



परवा तुझा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते. तू मुद्दाम दोन-चार मिनिटं जर्मन बोलून दाखवलंस आणि मग "कसं वाटलं?" म्हणून विचारलंस. मी "छान" म्हणाले, ते काही तुझं मन राखायला नव्हे. क्रियापदं जागच्या जागी होती, उच्चारही स्वच्छ होते, तो घशातला 'ख' तर तुला इतका सहज जमतो की तुझ्या आजोबांना हेवा वाटला असता. पण एक गोष्ट कानाला लागली आणि ती फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी नव्हती, म्हणून हे पत्र. प्रत्येक नामापाशी आलीस की डेअर, डी की डास हे ठरवण्याऐवजी तू नुसतं 'ड' असं काहीतरी पुटपुटायचीस आणि नाम मात्र खणखणीत म्हणून पुढं सटकायचीस. ही युक्ती तुझी एकटीची नाही गं. इतकी वर्षं जर्मन शिकवताना मी ती हुशार मुलांकडूनच ऐकत आले. जी मुलं मंद असतात ना, ती बिचारी थांबतात, चुकतात, पुन्हा म्हणतात. हुशार मुलांना थांबायचं जिवावर येतं.

तुझ्या अभ्यासूपणाची मला काळजी नाही, प्रामाणिकपणाची तर त्याहून नाही. काळजी आहे ती घाईची. मोबाइलवरच्या त्या अ‍ॅपमध्ये रोज शंभर शब्द पाठ करतेस म्हणालीस, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

हे बघ, डेअर, डी आणि डास, तिन्ही शब्द रोमन लिपीत लिहिले तर बरोबर तीन-तीन अक्षरांचे. (लहान असताना मी वर्गातल्या मुलांना 'डास' शिकवायला लागले की तू शेजारी बसून हवेत टाळी मारायचीस, आठवतं?) एवढासा शब्द, पण जर्मनमध्ये नामाचं लिंग बहुधा त्याच्यावरच कळतं. पुल्लिंगी नामाला डेअर, स्त्रीलिंगी नामाला डी, नपुंसकलिंगी नामाला डास. आपल्याकडे लिंग वाक्यभर पसरलेलं असतं. दार उघडलं, खिडकी उघडली, दरवाजा उघडला, असं क्रियापद आपोआप सांगून जातं. जर्मन क्रियापद याबाबतीत अगदी मख्ख, त्याला कुणाचं काही पडलेलं नसतं. तो सगळा भार त्या तीन अक्षरांवर आणि थोडाफार विशेषणाच्या शेवटावर. ती अक्षरं गिळलीस की वाक्यातली अर्धी माहितीच गिळलीस.

म्हणून नाम कधीही एकटं उचलायचं नाही. 'टिश म्हणजे टेबल' असं शिकायचंच नाही, 'डेअर टिश' असं एका दमात शिकायचं, त्याचं अनेकवचन 'डी टिशे' हेही त्याच ओळीत. आधी शब्द पाठ करू, लिंग मागाहून बघू असं ठरवलं की ते शिवण उसवून पुन्हा टाके घालण्याचं काम होऊन बसतं. कापडही विरतं आणि वेळही दुप्पट जातो.

आणि ही काही जर्मन मास्तरांची नवीन क्लृप्ती नव्हे बरं का. आपल्या पाठशाळांतून पहाटे पोरं अमरकोश घोकायची, त्या ग्रंथाचं खरं नाव ठाऊक आहे का तुला? 'नामलिंगानुशासन'. नाम आणि लिंग, दोन्ही एकत्र. अमरसिंहानं शब्द असे गुंफले की बऱ्याच ठिकाणी शब्दाच्या रूपावरूनच लिंग कळावं, आणि जिथं कळणार नाही तिथं त्यानं 'स्त्रियाम्', 'क्लीबे' असं स्पष्ट सांगून टाकलं. आठ-नऊ वर्षांचा मुलगा अर्थ कळायच्या आधी शब्द आणि लिंग एकाच श्वासात पाठ करायचा. पाठांतराला हल्ली लोक नाकं मुरडतात, मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. पण डेअर टिशला पाठांतराशिवाय दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही.

आता माझी दुसरी तक्रार. ही तुझ्याबद्दल नाही, तुझ्या पुस्तकाबद्दल आहे. ते पुस्तक इंग्रजीतून जर्मन शिकवतं. इंग्रजीनं आपली लिंगं केव्हाच टाकून दिली, तिथं सगळ्या निर्जीव वस्तूंना एकच 'इट' आणि सगळ्या नामांना एकच 'द'. मग पुस्तक सांगतं की एका 'द'चे तीन झाले, आणि मुलांना वाटतं, हे काय भलतंच संकट! अगं, तुला कसलं संकट? तुझ्या मातृभाषेत तिन्ही लिंगं आहेत. संस्कृतातली तिन्ही मराठीनं जपून ठेवली. आपल्या शेजारी गुजराती आणि कोकणीनंही जपली. हिंदीनं नपुंसकलिंग सोडून दिलं, म्हणून तर हिंदीभाषक पाहुणे आपल्याकडे येऊन 'तो पुस्तक' म्हणतात आणि आपण हळूच हसतो. संस्कृत आणि जर्मन दूरच्या नात्यातल्या भाषा, तीन लिंगांची चाल दोघींकडे एकाच जुन्या घरातून आली. भिंत ओली आहे आणि 'ती' वाळायला वेळ लागेल, हे म्हणताना तुला कधी विचार करावा लागला का? जर्मन माणूस टेबलाबद्दल 'एअर' म्हणजे 'तो' म्हणतो, त्याचं इंग्रजाला नवल वाटतं, तुला वाटायचं कारण नाही. तेव्हा इंग्रजीच्या अंगणातून वळसा घालून जर्मनमध्ये जाऊ नकोस. मराठीतून सरळ जा.

फक्त एक सांभाळायचं. मराठीतलं लिंग उचलून जर्मन नामाला चिकटवायचं नाही, कारण काही ठिकाणी ते इतकं चपखल बसतं की माणूस गाफील होतो. आपल्या स्वयंपाकघरात ये पाहू. पाणी ते, तर जर्मनमध्येही डास वासर. मीठ ते, डास झाल्त्स. अंडं ते, डास आय. चहा तो, डेअर टे. भात तो, डेअर राइस. वाटलं ना, किती सोपं? आता पुढं. दूध ते, पण मिल्श मात्र डी. साखर ती, पण त्सुकर डेअर. कॉफी ती, पण काफे डेअर. कांदा आणि बटाटा दोघेही आपल्याकडे मिशीवाले, तिकडे त्स्वीबेल आणि कार्टोफल दोघी बायका. लिंबू ते, त्सिट्रोने डी. आणि जेवणाच्या ताटाशेजारी तर तिन्ही लिंगं ओळीनं मांडून ठेवलेली, चमचा डेअर ल्योफल, काटा डी गाबेल, सुरी डास मेसर. या तिघांत का म्हणून भेद, असं जर्मन माणसाला विचारून बघ. तो खांदे उडवील. तुला कुणी विचारलं, भिंत ती आणि दार ते का, तर तू तरी काय सांगशील?

मुलं मला हटकून विचारायची, की मेडशेन म्हणजे मुलगी, मग ती 'डास' कशी? मार्क ट्वेननंही हेच विचारलं होतं. हा अमेरिकन विनोदी लेखक 1878 साली हायडेलबर्गला येऊन राहिला (तू परिचारिकेच्या कामाला जाणार आहेस त्या श्टुटगार्टच्याच राज्यातलं गाव ते) आणि 1880 साली जर्मन भाषेवर त्यानं एक लांबलचक, खुमासदार कुरकुर छापली. सलगमाला लिंग आहे आणि तरण्या मुलीला नाही, असा त्याचा आक्षेप. उत्तर साधं आहे. 'शेन' हा लाडानं लहान करणारा प्रत्यय, तो ज्या नामाला लागेल ते नाम नपुंसकलिंगी होतं, मग ते पूर्वी काही का असेना. यात मराठी माणसानं अचंबा करावा असं काय आहे? तुझी आई तुझ्याबद्दल बोलताना 'माझं पोरगं दमून येतं गं' असं म्हणते, तेव्हा ती तुझं मुलीपण नाकारते का? बाळ ते, मूल ते, लेकरू ते. संस्कृतात तर बायकोसाठी भार्या हा शब्द स्त्रीलिंगी, दार हा पुल्लिंगी, तोही बहुवचनात, आणि कलत्र नपुंसकलिंगी. व्याकरणातलं लिंग माणसाचं नसतं, शब्दाचं असतं, हे एकदा मनात ठसलं की निम्मी भांडणं मिटतात.

अगदीच सगळं पाठांतरावर सोडलंय असंही नाही. शब्दांच्या शेपट्या ओळखायला शिक, त्यातल्या काही फार भरवशाच्या आहेत आणि तुझ्या कामात तर पावलोपावली भेटतील. 'उंग' प्रत्ययानं संपणारं नाम डी, म्हणून तपासणी ती डी उंटरझूखुंग, उपचार तो डी बेहांडलुंग, सूज आली, दाह झाला तर डी एन्ट्स्युंडुंग. 'हाइट' आणि 'काइट' हेही डी. आजार डी क्रांकहाइट, आरोग्य डी गेझुंडहाइट, मळमळ डी युबलकाइट. 'शाफ्ट', 'त्सिओन', 'टेट' हे सगळे त्याच पंगतीतले, डी ओपेरात्सिओन, डी श्टात्सिओन. 'मेंट' संपलं की बहुतेक डास, म्हणून औषध डास मेडिकामेंट. क्रियापदाचंच नाम केलं की नेहमी डास, जेवण डास एसेन. वार, महिने आणि ऋतू डेअर. आणि 'ए'नं संपणारी नामं पुष्कळशी डी असतात, नाझे म्हणजे नाक, लुंगे म्हणजे फुप्फुस, नीरे म्हणजे मूत्रपिंड, टाब्लेटे म्हणजे गोळी. पण डोळा डास आउगे आणि नाव डेअर नामे, तेवढं लक्षात ठेव. अपवाद आहेत म्हणून नियम टाकून देऊ नये, आणि नियम आहे म्हणून अपवादावर रागावूही नये.

जोडशब्दांची तर तुला मुळीच भीती नको. लांबलचक जर्मन शब्द बघून लोक घाबरतात, पण लिंग शेवटच्या तुकड्याचं, एवढंच सूत्र. क्रांक म्हणजे आजारी, त्याच्यापुढं घर आलं की डास क्रांकेनहाउस, गाडी आली की डेअर क्रांकेनवागेन, विम्याची संस्था आली की डी क्रांकेनकासे. मराठीतही देवघर ते आणि पाठशाळा ती, देव कोण आणि पाठ कुठला हे कुणी विचारत नाही. 2020 पासून तिथं परिचर्येचं शिक्षण घेतलेल्या बाईला 'प्फ्लेगेफाखफ्राउ' म्हणतात. शेवटी फ्राउ, म्हणजे बाई, म्हणून डी. तुझ्या नावापुढं ती पाटी लागेल तेव्हा फोटो पाठव.

आता ज्या जागी मराठी मुलं खरी घसरतात तिकडं येते. इथं जरा सावकाश वाच, हवं तर चहा घेऊन बस.

विभक्ती लागली की ही तीन अक्षरं बदलतात. पुल्लिंगी डेअर द्वितीयेत डेन होतो आणि चतुर्थीत डेम. नपुंसकलिंगी डास द्वितीयेत तसाच राहतो, चतुर्थीत त्याचाही डेम. आणि स्त्रीलिंगी डी? ती द्वितीयेत डी, पण चतुर्थीत होते डेअर! इथं मुलं हात टेकतात. पुल्लिंगी म्हणून पाठ केलेला डेअर बाईच्या मागं कसा आला? पण सई, तू रोज हेच करतेस. 'ती मुलगी' म्हणतेस आणि 'ती घरं' म्हणतेस, एक स्त्रीलिंगी एकवचन, दुसरं नपुंसकलिंगी अनेकवचन, शब्द एकच. 'ते घर' म्हणतेस आणि 'ते मुलगे' म्हणतेस, तिथंही तेच. चार-दोन शब्दांत सगळा संसार भागवायचा म्हटलं की भाषा एकच शब्द दोन-तीन ठिकाणी वापरते. काटकसर म्हण ना. उलट अनेकवचनात जर्मन आपल्यापेक्षा सोपी. आपल्याला ते, त्या, ती असे तीन सांभाळावे लागतात, तिथं तिन्ही लिंगांना मिळून एकच डी.

घसरगुंडी आहे ती पुढंच. मराठीत 'तो माणूस', 'ती बाई', 'ते मूल' असे तिघे वेगळे, पण प्रत्यय लागला की 'त्या माणसाला', 'त्या बाईला', 'त्या मुलाला'. तिघांनाही एकच 'त्या'. म्हणजे ऐन विभक्तीच्या वेळी आपल्या दर्शकातलं लिंग विरघळून जातं आणि आपला कान तिथं निवांत होतो. जर्मन नेमकी तिथं जागी राहते. 'हेल्फेन', म्हणजे मदत करणं, या क्रियापदाला चतुर्थी लागते आणि तुझ्या कामात तर दिवसभर हेच क्रियापद. डेम मान, डेअर फ्राउ, डेम किंट. माणसाला, बाईला, मुलाला. मराठीतून विचार करताना तुझ्या मनात तिन्ही ठिकाणी 'त्या' येणार आणि जीभ तिन्ही ठिकाणी एकच काहीतरी म्हणायला धावणार. तू फोनवर नेमकं हेच केलंस.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आण. पलंगावर एक म्हाताऱ्या बाई आहेत, हात थरथरतो म्हणून तू सूप भरवते आहेस. चमचा शोधतेस तेव्हा 'डेन ल्योफल' हवा, कारण शोधण्याचं कर्म तो. भरवतेस 'मिट डेम ल्योफल', चमच्यानं, कारण 'मिट'ला चतुर्थी. बाईंनी काट्यानं खायचं ठरवलं तर 'मिट डेअर गाबेल'. गोळी टेबलावर आहे असं सांगताना 'आउफ डेम टिश', पण ती टेबलावर ठेवते म्हणताना 'आउफ डेन टिश', कारण असण्याला चतुर्थी आणि ठेवण्याच्या हालचालीला द्वितीया. आपण दोन्हीकडे 'टेबलावर'च म्हणतो. आता बघ, टिश डेअर आहे हेच जर पहिल्या दिवशी नीट शिकलेलं नसेल, तर डेन आणि डेम यांतला फरक कितीही कळला तरी उपयोग शून्य. पाया तो एकच, नाम भेटलं त्या क्षणी त्याचं लिंग विचारून घेणं.

तुझी आई म्हणते, परीक्षेत या चुकांचे फारसे गुण जात नाहीत. नसतील जात. आणि चुकलं म्हणून समोरच्याला कळत नाही असंही नाही, डी टिश म्हटलंस तरी टेबलच कळतं. चूक झाली तर होऊ दे, मोठ्यानं होऊ दे, म्हणजे ज्या म्हाताऱ्या बाईंना सूप भरवतेस त्या हसून दुरुस्त करतील, आणि त्यांनी दुरुस्त केलेला शब्द तू जन्मात विसरणार नाहीस. पुटपुटलेलं मात्र कुणाला दुरुस्त करता येत नाही.

करायचं कसं ते सांगते. फार नको, रोज सात-आठ नामं. शंभर नकोत. घरात जुन्या लग्नपत्रिका असतात, त्यांच्या कोऱ्या बाजू अजून मी टाकत नाही. कात्रीनं चौकोन कापून त्यावर शब्द लिहायचे. नवीन छापील कार्डांचा डबा विकत आणू नकोस, त्याला पैसे पडतात आणि दुसऱ्यानं लिहिलेलं हाताला लागत नाही. तीन रंगीत पेन्सिली घे, जुन्या थोटक्या चालतील. डेअरला निळी, डीला लाल, डासला हिरवी, बरेच जर्मन शिक्षकही हेच रंग वापरतात. डोळ्यांना रंगाची सवय झाली की कधीकधी शब्द आठवायच्या आधी रंग आठवतो, आणि तेवढ्यानं काम होतं. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात, वाक्यात कुठंही असो, त्यामुळं वर्तमानपत्राच्या उताऱ्यातून नामं वेचणं अगदी सोपं.

आणि हे सकाळी करायचं गं. रात्री अकरा वाजता दमलेल्या डोळ्यांनी त्या मोबाइलवर बोटं फिरवून नव्हे. घर उठायच्या आधी अर्धा तास, तोंड धुऊन, खिडकी उघडून, मोठ्यानं म्हणायचं. मोठ्यानं, कारण लिंग डोळ्यांपेक्षा कानात लवकर बसतं. कालची नामं आधी, आजची नंतर. ज्यांचं चुकलं ती कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात, उद्या पुन्हा. हिवाळ्यात तिथं आठ वाजेपर्यंत उजाडत नाही, तेव्हा पांघरुणातून बाहेर यायला जीव नको म्हणेल. तरी ये. गरम पाणी घोटभर पी आणि बस.

धीर कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर ग्रिम बंधूंकडे बघ. तू लहानपणी ज्यांच्या गोष्टी ऐकत जेवायचीस तेच हे, याकोब आणि विल्हेल्म. 1837 साली हॅनोव्हरच्या राजानं राज्यघटना मोडली, ग्योटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला, त्यांत हे दोघे होते, आणि सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या. पुढच्याच वर्षी दोघांनी जर्मन भाषेचा मोठा कोश हाती घेतला. पहिला खंड यायला 1854 साल उजाडलं. विल्हेल्मनं 'डी' हे अक्षर पुरं केलं आणि 1859 साली तो गेला. याकोब एकटाच लिहीत राहिला, आणि 1863 साली तो गेला तेव्हा त्याचं काम 'फ्रुख्ट' या शब्दापाशी आलं होतं. फ्रुख्ट म्हणजे फळ, डी फ्रुख्ट. मागाहून किती पिढ्यांनी ते काम पुढं नेलं, मधे दोन महायुद्धं झाली, देशाची फाळणी झाली, तरी पूर्व बर्लिन आणि पश्चिमेतलं ग्योटिंगेन असे दोन्हीकडचे लोक एकाच कोशावर काम करत राहिले. 1961 साली तो पुरा झाला, 32 भागांत. ज्यांची ती मायबोली त्यांना आपल्या शब्दांची नोंद करायला शंभराहून जास्त वर्षं लागली. तुला जर्मनच्या बी-टू पातळीपर्यंत पोचायला थोडे महिने जास्त लागले तर काही बिघडत नाही. परिचारिकेच्या कामाला तिथं साधारण बी-टू लागतं, पण ते अमुक तारखेलाच हवं असं तुझ्यावर कुणी बंधन घातलंय का? एजंट घाई करतो म्हणालीस. एजंटाला घाई असणारच. तू शांतपणे 'हो' म्हण आणि आपल्या चालीनं चाल.

श्टुटगार्टला जाते आहेस याचा मला फार आनंद झाला. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, आणि 2024 साली तर आपल्या राज्यानं तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करारच केला, तेव्हा तिथं मराठी कानावर पडेल. पण एक सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गडबडून जाशील. तिथले लोक श्वाबी बोली बोलतात. पुस्तकात बुटर, म्हणजे लोणी, डी आहे. तिथले जुने लोक खुशाल 'डेअर बुटर' म्हणतात. तू चुकीचं शिकली नाहीस आणि तेही चुकत नाहीत. आपल्याकडेही 'वेळ मिळाला' आणि 'वेळ झाली' दोन्ही चालतं ना, तंबाखू कुणाचा तो असतो, कुणाची ती असते. शिवाय लाडाचा 'शेन' तिथं 'ले' होतो, घराला हॉयस्ले म्हणतात, आणि तोही डासच. आणि माणसाच्या नावाआधीही तिकडं हा शब्द लावतात, तेव्हा वॉर्डात कुणी तुला 'डी सई' म्हणालं तर रागावू नकोस, तो आपलेपणा आहे. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही.

थर्मल कपडे इथून भरून नेऊ नकोस, तिथं चांगले मिळतात. मेतकूट मी करून ठेवलं आहे, आईबरोबर पाठवते. आणि पोचलीस की माझं एक काम कर. योगुर्ट, म्हणजे दही, हा शब्द काही डेअर म्हणतात, काही डास, ऑस्ट्रियात तर डीसुद्धा ऐकू येतं. तुझ्या वॉर्डात नाश्ता वाटणाऱ्या बाई काय म्हणतात ते नीट ऐकून मला कळव, मला कितीतरी दिवसांपासून उत्सुकता आहे.

तुझी,
माई आजी

ता. क. पत्राचं उत्तर जर्मनमध्ये लिहिलंस तरी चालेल. मी लाल, निळी आणि हिरवी, तिन्ही पेन्सिली टोक करून ठेवते.